रेंज नसलेल्या पोस्टवरचा विद्यार्थी

फौजेत नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारी मुलं खान्देशात गावोगावी आहेत. सुट्टीवर आली की त्यांतली काही माझ्याकडे येतात आणि तेच सांगतात: “बाकीचे पुढं गेले, मी मागंच राहिलो.”

भडगाव तालुक्यातला एक जवान (ओळख बदलली आहे) इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बीएला होता. त्याच्यासोबत तेच पेपर देणारा त्याचा जोडीदार जवान पीस पोस्टिंगला, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी, ऑफिसात. हाताशी वायफाय, लॅपटॉप. हा उंचावरच्या पोस्टवर. तिथं घरी दोन शब्द बोलायलाही पाळी यायची वाट बघावी लागे.

“ताई, मन्हा डोकामाच काही शिरत नही.”

मी त्याचा मोबाइल बघितला. जोडीदारानं पाठवलेल्या व्याख्यानांच्या लिंका एकाखाली एक, आणि अर्धवट उतरून अडकलेले व्हिडिओ.

“यातलं काय समजलं नाही?”

“उघडलंच नाही ना ताई.”

“मग डोक्यात शिरत नाही, हे कशावरून ठरवलंस?”

तो बराच वेळ गप्प बसला. मीही बसू दिलं. मग एकदम चिडून म्हणाला, “पेपर दोघांना एकच. मग सोय एकसारखी का नाही?”

मला मनापासून बरं वाटलं. इतके दिवस तो स्वतःलाच दोष देत होता, आता बोट खऱ्या अडचणीकडे गेलं होतं. अडचणीपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त खचवतो, असं मी मानते. म्हणून अडचण खोटी ठरत नाही. ही विषमता खरीच आहे, आणि तिच्याबद्दल युनिटमध्ये वरिष्ठांकडे, एज्युकेशन हवालदाराकडे (जवानांच्या शिक्षणाचं काम बघणारा हवालदार) रीतसर बोलावं, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

“छापील पुस्तकं आली होती का?”

“घरी आलीत. गठ्ठा सोडलाच नाही.”

व्हिडिओ म्हणजेच अभ्यास, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पुढच्या भेटीला बायको सोबत आली. ती म्हणाली, “मी विचारलं, पाठवू का? तर म्हणे, राहू दे.” तिथंच ठरलं: एक पुस्तक त्यानं सोबत न्यायचं, बाकीची तिनं एकेक करून 56 एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावर पाठवायची.

अशा प्रत्येक जवानाला मी सांगते, इग्नूचं बीए 3 वर्षांत झालं नाही तरी 6 वर्षांपर्यंत मुदत असते. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात. सुट्टी जुळेल तिथं थोडेच विषय द्या. स्वाध्यायांना (असाइनमेंटना) 30 टक्के वजन आहे आणि ते हातानं लिहायचे असतात, त्याला रेंज लागत नाही. जमा कुठं आणि कसे करायचे ते अभ्यासकेंद्रावर आधीच विचारून घ्या. ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर हीच पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. सुट्टीतच उतरवून ठेवा. पोस्टवर मोबाइलचे नियम कडक असतील तर त्यातली लागणारी प्रकरणं छापून न्या.

आणि घरच्यांना एक विनंती. फोन लागला की “अभ्यास झाला का?” असं विचारू नका. “पुढचं कोणतं पुस्तक पाठवू?” एवढं विचारा.