तंबूत दिवा किती उजेडाचा हवा?

प्रश्न : मेच्या अखेरीस पाच वर्षांच्या लेकीला घेऊन काजवे बघायला भंडारदऱ्याला जातोय. दोन रात्री तंबूत मुक्काम. ती अंधाराला घाबरते. दुकानदार 1000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं माप) कंदील घ्या म्हणतो. घ्यावा का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नका घेऊ. एवढ्याशा तंबूत त्याने डोळे दिपतील आणि बाहेरचा अंधार लेकीला आणखीच काळाकुट्ट वाटेल. 20-30 ल्युमेनचा पिवळसर दिवा पुरतो. खोक्यावर 2700 के. (केल्विन, म्हणजे उजेडाचा पिवळसर रंग) असं लिहिलेलं बघा, आणि उजेड कमी-जास्त करता येतो ना, ते दुकानातच लावून बघा.

भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीला पहिल्यांदा भाच्याला नेलं, तेव्हा मी पांढराशुभ्र एलईडी तंबूच्या छताला टांगला होता. अर्ध्या तासात जाळी किड्यांनी भरली. लघवीला जायला चेन उघडली आणि ते सगळे आत! शिवाय आमच्या सावल्या कापडावर एवढ्या मोठ्या पडल्या, की पोर माझ्याच सावलीला बघून रडलं. तेव्हापासून मंद, पिवळसर दिवाच ठेवते. किडे पिवळ्या उजेडाकडे कमी येतात. वेगळा दिवा घ्यायचा नसेल तर पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटलीला हेडटॉर्च (कपाळाला बांधायची बॅटरी) आतल्या बाजूला तोंड करून बांधा. मऊ उजेड पसरतो. मेणबत्ती किंवा रॉकेलचा कंदील मात्र तंबूत अजिबात नको. नायलॉन झटक्यात पेटतं, आणि बंद जागेत धुराबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हा डोळ्यांना न दिसणारा विषारी वायूही जिवावर बेततो.

आता काजव्यांचं, कारण मला खरी काळजी त्यांची आहे. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर ते लुकलुकतात ते जोडीदार शोधायला. आपला झोत पडला की त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. म्हणून झाडांकडे टॉर्च नको, मोबाइलचा फ्लॅशही नको. तंबूबाहेर पडण्याआधी आतला दिवा बंद करा. वाटेवर पाय ठेवण्यापुरता मंद लाल उजेड, तोही जमिनीकडे. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, एक पांढरा झोत पडला की पुन्हा पहिल्यापासून.

लेकीला तिचा दिवा आठवडाभर आधी द्या. घरी पांघरुणात घेऊन झोपू दे, बटण तिचं तिलाच दाबू दे. माझा भाचा पुढच्या वर्षी स्वतःहून म्हणाला, "मावशी, बंद कर ना, काजवे दिसत नाहीयेत."