गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यालाच आधी बंद कर

"मावशी, माझे मिस्टर सुभेदार म्हणून रिटायर झाले, 1999 ला कारगिलच्या लढाईत द्रासला होते. कंबर कायमची गेलीये, रात्री दोनला उठून दाराची कडी बघतात, फटाके वाजले की बाथरूममध्ये जाऊन बसतात. सायकॅट्रिस्टच्या गोळ्यांनी जरा बरं आहे. आता नणंदेने एक हीलर शोधलाय, सुया, नादचिकित्सा आणि चूर्ण, तीन महिन्यांचे 45 हजार, पण आधी गोळ्या बंद करा म्हणतो. मुलगा म्हणतो हे सगळं थोतांड, योगासुद्धा. मी काय करू? – एक बायको, दिघी"

अगं, ते 45 हजार आधी एफडीत टाक बघू.

सुया, म्हणजे अॅक्युपंक्चर, वाईट नाहीत, नाद पण वाईट नाही, पण डॉक्टरशी एक शब्द न बोलता जो म्हणतो गोळ्या बंद करा, त्याची पायरी चढायची नाही. या गोळ्या झटक्यात सोडल्या की चक्कर येते, चिडचिड वाढते, झोपेचं खोबरं होतं, काहींना तर डोक्यात करंट बसल्यासारखं वाटतं, आणि तेव्हा हाच बाबा म्हणणार की बघा, शरीरातलं विष बाहेर पडतंय! कमी करायच्याच असल्या तर ज्यांनी सुरू केल्या त्यांना विचारूनच, आणि हळूहळू. चूर्णाचं पण तेच. पुडीवर काय काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर घ्यायचंच नाही, काही भस्मांमध्ये शिसं-पारा सापडलेला आहे, आणि साध्या अश्वगंधाने सुद्धा काहीजणांच्या लिव्हरला त्रास झालाय. जे काही घेत असतील त्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखव.

आता तुझ्या चिरंजीवांकडे वळू. त्याला सांग, अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्याचं जे सरकारी खातं आहे, त्यांनी 2017 पासून योग, ध्यान, अॅक्युपंक्चर, मसाज, ताई ची, बायोफीडबॅक (श्वास-ठोके यंत्रावर बघून आवरायला शिकणं), संमोहन असल्या आठ गोष्टी आपल्या सेवेत घेतल्यात. हौस म्हणून नाही हं, तिकडे दुखण्यावरच्या अफूच्या जातीतल्या गोळ्यांचं व्यसन इतकं बोकाळलं होतं की दुसरं काहीतरी शोधणं भागच होतं. पण हे सगळं जोडीला. पीटीएसडीसाठी, म्हणजे भयंकर प्रसंगाचा धक्का मनात घर करून बसतो त्यासाठी, त्यांच्याच 2023 च्या गाईडलाइनमध्ये पहिला मान समोर बसून बोलायच्या थेरपीला आहे, त्या प्रसंगाकडे हळूहळू बघायला शिकवणारी. ती चालू आहे का तुमच्याकडे? पत्रात नुसत्या गोळ्याच दिसल्या मला. पुढच्या वेळी ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, जाशील तेव्हा स्पष्ट विचार.

योगा थोतांड नाही, पण कुठलाही क्लास चालत नाही. माझा थोरला भाऊ 1987 ला शांतिसेनेत श्रीलंकेला जाऊन आला होता. रिटायर झाल्यावर वहिनीने हौसेने त्याला सोसायटीच्या योगा क्लासला घातलं. शवासनात बाईंनी लाइट घालवले, डोळे मिटा म्हणाल्या आणि पाठीमागून येऊन खांदा सरळ करायला हात लावला, तर हा ताडकन उठला आणि त्यांचं मनगट धरलं! बाई पांढऱ्याफटक, हा त्याहून पांढरा, आणि परत म्हणून गेला नाही. पुढे दोन वर्षांनी दुसऱ्या एका सरांकडे जमलं, कारण त्यांनी सतरंजी भिंतीला टेकून घालायला सांगितली, दार समोर, डोळे उघडे, नजर फरशीवर, आणि न विचारता कुणी हात लावायचा नाही. बास, एवढाच फरक. तेव्हा सरांना हे आधीच सांगून ठेव. युद्धाच्या गोष्टी सांगायची गरज नाही, दचकतात एवढं म्हटलं तरी चालतं.

कंबरेसाठी मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या इन्स्टिट्यूटची पद्धत मला आवडते, खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे, भिंतीचे दोर, म्हणजे मणक्यावर भार न घेता आसन होतं. पण आधी ऑर्थोवाल्यांना विचारून घे.

आणि योगा त्यांना नकोच असेल तर? फौजी माणसाला आपण निवडून दिलेलं नाही पचत. पोहणं म्हणतील, बागकाम म्हणतील, म्हणू देत. आपले मुरलीकांत पेटकर 1965 च्या लढाईत गोळ्या लागून अधू झाले, त्यांनी पोहायला सुरुवात केली ती उपचार म्हणूनच, आणि 1972 ला हायडेलबर्गला 50 मीटरमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड आणलं. तुझ्या मिस्टरांनी तलावाच्या दोन फेऱ्या मारून येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तरी मी खूश.

फटाक्यांचं लिहिलंस, पण ढोलाचं नाही लिहिलंस. पुण्यात राहून तो तर गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून सुरू. मला विसर्जनाची मिरवणूक जिवापाड प्रिय, तरी सांगते, ते दोन दिवस गावाला जा. आणि रोजची प्रॅक्टिस कुठे, किती वाजता असते ते त्यांना आधीच सांगून ठेव, आवाज येणार हे माहीत असलं की निम्मं दचकणं कमी होतं.

रमबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मीच विचारते. झोपेसाठी घेत असतील तर डॉक्टरांना खरं किती ते सांगा, या गोळ्यांबरोबर ते चांगलं नाही. घरात लायसनची बंदूक असेल तर सध्या दुसरीकडे ठेवायची सोय कर. आणि जगण्याला कंटाळलो असलं काही बोलले तर सकाळची वाट बघू नकोस, 14416 लाव, टेली मानस, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. फौजवाल्यांसाठी त्यांचा वेगळा सेल 2023 च्या डिसेंबरमध्ये आपल्या एएफएमसीतच, पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजात, सुरू झाला. तुझ्यासाठी पण लाव गं, रात्री दोनला तू पण जागीच असतेस ना!

नणंदेला मात्र दुखवू नकोस, तिचा भाऊ आहे तो. तिला म्हण, हीलरला डॉक्टर नाही म्हणाले, तू आपलं घाण्याचं तिळाचं तेल आणून दे. रात्री कोमट करून त्यांच्या कंबरेला लाव. फक्त मागून हात लावण्याआधी हाक मार.