नोकरी सांभाळून रोज शहराचं स्केच, शाई आणि जलरंगात, कसं चालू ठेवता येईल?

तुम्ही लिहिलंय की दर वेळी नवी वही हौसेनं सुरू होते आणि दोन आठवड्यांत मागे पडते. ऑफिसातून परतायला रात्रीचे आठ होतात, रोज नवं काय काढायचं ते सुचत नाही, आणि रंग लावला की शाई पसरते. शाईचं सांगते, पण आधी विषयाचं, कारण माझ्या मते वही तिथंच बंद पडते.

रोज नवी जागा शोधू नका. एक जागा धरा आणि तीच काढत राहा. जिथून तुम्ही तसेही रोज जाता अशी ती हवी: बसथांबा, ऑफिसच्या कँटीनची खिडकी, सोसायटीच्या फाटकासमोरचं किराणा दुकान, सकाळी दूध आणायला जाता तो कोपरा. देखणी नसली तरी चालेल. प्रेक्षणीय जागांच्या मागे लागलं की स्केच रविवारवर ढकललं जातं, आणि रविवारी घरची कामं निघतात.

माझी जागा म्हणजे पुण्यातली मंडई. मी पेठेत राहते, भाजी तिथूनच घेते, त्यामुळे चित्रासाठी वेगळं जावं लागत नाही. १८८६ साली ही इमारत उभी राहिली, तेव्हा गव्हर्नरच्या नावानं तिला रे मार्केट म्हणत. मधोमध अष्टकोनी मनोरा आहे. सुरुवातीला सगळं लक्ष या मनोऱ्याकडेच जातं, आणि त्याचे कोन जुळवण्यातच वेळ संपतो. पण तोच मनोरा पुन्हा पुन्हा काढला की हाताला बसतो, आणि मग नजर खाली उतरते. भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीच्या जुड्या कशा रचतात, वजनकाटा कुठल्या हाताला ठेवतात, हमाल पोतं उचलताना आधी कुठला गुडघा वाकवतो, हे तेव्हा दिसायला लागतं. निळ्या ताडपत्रीखालचा टोमॅटो लाल राहत नाही, काळपट जांभळा होतो. पहिल्या भेटीत ही गोष्ट दिसली तरी हात ती काढायला धजत नाही, कारण डोक्यात टोमॅटो लालच असतो.

ऊन तर कधीच तेच नसतं. पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे एरवी दुपारी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींवर, ढग नसतील तेव्हा, तिरकस ऊन घसरत उतरतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून खांबाची सावली जवळजवळ खांबाइतकीच लांब पडते. ज्यानं एकच कोपरा वर्षभर काढलाय त्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. ‘आज काय काढू’ हा प्रश्नही उरत नाही, कारण कालच्यापेक्षा आज काय बदललंय तेच काढायचं असतं.

व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी तरुणपणी, १९४९ ते १९५१ या सालांत, रोजची डायरी चित्रांतून लिहिली. गोव्यातल्या लोटली गावचं घर, शेजारीपाजारी, पाद्री, समारंभ, मुंबईतलं कॉलेजचं जग. त्यात देखाव्याच्या शोधात निघालेला माणूस दिसत नाही. जे लोक रोज समोर होते तेच पानोपानी येतात. पुढच्या त्यांच्या गर्दीच्या चित्रांतली ती माणसं कुठून आली असतील, हे त्या डायऱ्या पाहिल्या की समजतं.

आता वेळ. वीस मिनिटं धरा, आणि वही हाताच्या पंजाएवढी घ्या. मोठं पान वीस मिनिटांत भरत नाही आणि अर्धवट पानं मनाला लागतात. पेन्सिल घरी ठेवा. सरळ पेननं काढायला लागलं की रेष वाकडी येते, तिच्याशेजारी दुसरी बरोबर रेष काढायची आणि पुढे जायचं. दोन्ही रेषा राहू द्या.

आधी काय काढायचं याचा क्रम मात्र पाळा. जे निघून जाणार आहे ते आधी. टेम्पो, हातगाडी, चहा पिणारा माणूस हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत. इमारत कुठं जात नाही. तुम्ही उभे राहून काढत असाल आणि जमीन सपाट असेल, तर जवळच्या आणि लांबच्या उभ्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेत येतात, फक्त पाय खालीवर होतात. एवढं एक कळलं की गर्दीची भीती निम्मी कमी होते. आपल्याकडे प्रत्येक इमारतीपुढे दुचाक्यांची रांग असते. ती गाळू नका, ती नसेल तर ते आपलं शहर वाटतच नाही. पुढच्या दोन गाड्यांची हँडलं, आरसे आणि सीट नीट काढा, मागच्या सगळ्यांचा एकच गडद पट्टा करा. बाकीचं बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो.

शाई पसरते याचं कारण बहुधा तुमची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची (डायची) आहे. फाउंटन पेनची नेहमीची शाई पाण्यात विरघळते, वाळल्यावरसुद्धा. जलरंगाखाली टिकणारी शाई पिगमेंटची असते. तिचे बारीक कण कागदाच्या तंतूंत रुतून बसतात. मायक्रॉन किंवा युनी पिनसारख्या फाइनलायनरमध्ये, म्हणजे बारीक टोकाच्या पेनमध्ये, अशीच शाई असते. फाउंटन पेनच वापरायचं असेल तर प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक चांगली, पण ही शाई पेनमध्ये वाळली की पेन तुंबतं, म्हणून ते रोज चालवावं लागतं. (याच कारणासाठी मला ती आवडते.) दुकानात ‘इंडिया इंक’ म्हणून मिळणारी, लाख घातलेली शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, ती बोरूला किंवा टाकाला ठीक. आणि काहीच विकत घ्यायचं नसेल तर दहा रुपयांचं साधं बॉलपेन घ्या. त्याची शाई तेलकट असते, जलरंगानं सहसा हलत नाही. नवी शाई आणली की वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढा, पाच मिनिटांनी वरून ओला ब्रश फिरवा. तुमच्या कागदावर काय होतं तेच खरं. चिकण्या, जास्त खळ (पाणी झटकन शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप) असलेल्या कागदावर तीच शाई वाळायला कितीतरी जास्त वेळ घेते.

पसरणारी शाई टाकून मात्र देऊ नका. काळ्या विरघळणाऱ्या शाईनं चित्र काढून सावलीच्या बाजूला नुसता पाण्याचा ब्रश फिरवला की राखाडी छटा आपोआप मिळते. ज्या दिवशी रंगाची डबी उघडायला वेळ नसतो त्या दिवशी मी हेच करते.

रंग पाच पुरे: अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), एक लाल, एक हिरवा. पहिल्या दोनांच्या मिश्रणातून तुम्हाला दख्खनचा सगळा काळा दगड मिळेल. तो काळा नसतोच. उन्हात उबदार करडा आणि पावसात भिजला की निळसर होतो. तयार काळा रंग लावलात तर शाईची रेष त्यात हरवते. रंग पारदर्शक आहेत ना, ते बघून घ्या, पोस्टर कलर रेषेवर साय धरतात. कागद सुरुवातीला २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) चालतो. ३०० जीएसएमचा सुती कागद सुरेख असतो, पण महाग वहीत लोक जपून काढतात, आणि रोजच्या सवयीला जपून काढणं परवडत नाही.

एका बाबतीत माझं मत जरा ठाम आहे. २००७ साली सिएटलमधले पत्रकार गाब्रिएल काम्पानारियो यांनी अर्बन स्केचर्सचा गट सुरू केला. समोर जे दिसतंय ते प्रत्यक्ष जागेवर बसून काढायचं, हा त्यांचा पहिला नियम, आणि तो मला मनापासून पटतो. नोकरी करणाऱ्यानं मी म्हणते निदान रेष आणि सावली जागेवर करावी, बाकीचा रंग घरी भरला तरी हरकत नाही. सावली घरी आठवून टाकता येत नाही, ती वीस मिनिटांतसुद्धा सरकते. एकाच मिश्रणानं, न थांबता, सगळ्या सावल्या एका दमात टाका. मग उन्हातला भाग कोरा राहिला तरी चित्र उभं राहतं. रंगांची टिपणं समासात लिहून ठेवा, ‘शटर: मळका हिरवा’, ‘कौलं: वर शेवाळ’, एवढीच.

मे महिन्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकता टाकता वाळतो आणि कडा उमटतात, म्हणून कागद आधी ओला करून घ्या किंवा लहान लहान भाग रंगवा. पावसाळ्यात उलट त्रास. रंग वाळतच नाही, आणि वही बंद केली की समोरच्या पानावर छापला जातो. पानांमध्ये बटर पेपर ठेवा, आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा, कारण दमट हवेत कागदाची खळ खराब होते आणि मग रंग डागाडागांनी शोषला जातो. रंगाची डबी ओली असताना मिटू नका, बुरशी धरते. पाऊस कोसळत असेल तर खिडकीतून काढा. ओला रस्ता काढणं मला सगळ्यात आवडतं: वरच्या इमारतीचा रंग तसाच खाली ओढायचा, कडा पाण्यानं मऊ करायच्या, मग गाडीच्या दिव्याखाली एक कोरी पट्टी सोडायची.

तुमच्या आठ वाजताच्या अडचणीवर दोन उपाय. एक म्हणजे सकाळची किंवा जेवणाच्या सुट्टीची वेळ. दुसरा, रात्रच काढायची. दुकानाचं उजळलेलं तोंड कोरं ठेवा, त्यावर पिवळ्याचा पातळ हात, आणि भोवती अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना घट्ट कालवून अंधार. रात्री तपशील दिसत नाही, त्यामुळे काम लवकर आटपतं. दिवसभर दमून आलेल्या माणसाला ते बरंच.

बायकांना रस्त्यात थांबून काढायला संकोच वाटतो, म्हणून हेही सांगते, कदाचित इतर वाचणाऱ्यांना उपयोग होईल. पाठीमागे भिंत असेल अशी जागा घ्या, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. अमृततुल्यच्या बाकड्यावर चहा घेऊन बसलं की कुणी उठवत नाही. रोज तीच जागा असण्याचा इथंही फायदा होतो: आठवडाभरात तिथले लोक ओळखायला लागतात, आणि कुणी त्रास द्यायला आलाच तर मंडईतल्या मावशीच त्याला हाकलतात. ‘काय काढता, ताई?’ असं विचारलं तर वही पुढे करा. ‘माझं काढा’ म्हणतात, तेव्हा काढा; जमलं नाही तरी पुढच्या वेळी जास्त वेळ बसतात. लष्करी भाग आणि पहारा असलेल्या इमारती सोडून द्या, आणि पोलिसांनी हटकलं तर वाद न घालता वही दाखवून निघा.

एखादा दिवस चुकतो. चुकलेल्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन काढायला बसू नका, त्यातून थकवा येतो. पान कोरंही सोडू नका, पुढच्याच पानावर नवी तारीख घाला. चित्र रोज कुणाला दाखवायचंही बंधन नको. मुंबईपुण्यात रविवारी एकत्र बसून काढणारे गट आहेत, तिथं महिन्यातून एकदा जा. एकाच चौकाची दहा जणांनी काढलेली चित्रं शेजारी शेजारी मांडलेली पाहून खूप शिकायला मिळतं. बाकीचे दिवस तुमचा कोपरा आणि तुम्ही. उद्या बसला उभे राहाल तेव्हा थांब्यासमोरचं जे पहिलं दुकान असेल, त्याच्या शटरपासून सुरू करा.