अमेरिकेत मुलाकडे जायचंय, दुकानात लागणारं इंग्रजी लवकर कसं शिकू?

घरातलं सुपरमार्केटचं बिल घ्या आणि तेच रोज मोठ्याने वाचा. क्वांटिटी, डिस्काउंट, टोटल हे शब्द बहुतेक बिलांत येतात आणि शेजारी आकडा असल्यामुळे अर्थ आपोआप कळतो. मी बिलिंग काउंटरवरच बसते, म्हणून खात्रीने सांगते. बोलायला ‘हाउ मच इज धिस?’ आणि ‘कॅन आय रिटर्न धिस?’ एवढ्यावर बरंच भागतं. नाणी मात्र वेगळी शिका: पेनी 1 सेंट, निकेल 5, डाइम 10, क्वार्टर 25. त्यात डाइम निकेलपेक्षा लहान, तिथेच गोंधळ होतो! आणि आपल्या एमआरपीत कर धरलेला असतो, तिकडे बहुतेक राज्यांत लेबलवरच्या किमतीवर सेल्स टॅक्स वेगळा लागतो.