बस्त्याला आलेल्या बायका पाणी का पीत नाहीत

प्रिय लेकरा,

दुकानाच्या नव्या नकाशाचा फोटो मिळाला. समोर काच, एसी, भिंतीवर मोठा टीव्ही, सगळं झकास. फक्त बाथरूम कुठं सापडलं नाही, म्हणून फोन न करता कागद घेतला.

गेल्या लग्नसराईत तुमच्या गादीवर तासभर टेकलो होतो, आठवतं? औशाकडचा बस्ता आला होता, क्रूझर भरून माणसं. वरमाय, दोन आत्या, कडेवर पोर घेतलेली एक वहिनी. पोऱ्यानं पाणी फिरवलं तर बायकांनी ग्लास ओठाला लावून खाली ठेवले. चहालाही नको म्हणाल्या. तुला वाटलं तहान नाही. अरे, सकाळी आठला घर सोडलेलं, बस्ता बांधून व्हायला चार वाजणार. तोवर बाईमाणसानं जायचं कुठं? आपल्या लातूरची गंजगोलाई बाजारपेठ १९१७ची, १६ रस्ते येऊन मिळतात तिला, पण त्यातल्या एकाही रस्त्यावर मी माझ्या बायकोला निर्धास्त पाठवलं नाही कधी. शेवटी आहेराच्या साड्या निम्म्याच घेऊन ती मंडळी उठली. तुझे वडील म्हणाले, भाव पटला नसेल. मला तसं वाटलं नाही. टीव्हीचे पैसे बाथरूमवर घाल, आतून कडी लागेल असं.

ट्रायल रूमचंही तेच. आत एक खुंटी, एक स्टूल, आणि कॅमेरा त्या दिशेला अजिबात नको. आहे की नाही ही शंका आली तरी मुलगी कपडा न घालून बघता परत देते. उजेड मात्र भरपूर हवा. ट्यूबलाइटखाली मोरपंखी घेतलेली साडी घरी अंगणात निळी निघाली, तर शिव्या आपल्यालाच.

आता गिऱ्हाईक भाव मोबाईलवर बघूनच पायरी चढतं. त्यावर चिडू नको. मोबाईलवर कापड हाताला लागत नाही, आपली जागा तिथं आहे. पैठणी मागितली की आधी पदर उलटून दाखव. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच सफाईदार असते. यंत्रावरच्या मालाला मागे सुटे, कापलेले धागे दिसतात. यंत्रावरची स्वस्त साडी विकण्यात कमीपणा नाही, तिला पैठणी म्हणून विकण्यात आहे. शुद्ध रेशीम म्हणत असशील तर सिल्क मार्कचं लेबल गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी तूच दाखव.

भावाचं म्हणशील तर आम्ही चिठ्ठीवर खरेदीचा भाव खुणेच्या अक्षरांत लिहायचो आणि गिऱ्हाइकाच्या पायातली चप्पल बघून विक्रीचा सांगायचो. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू. आजच्या पोरी घासाघीस करत बसत नाहीत, सरळ उठून जातात. किंमत आकड्यात लिही आणि सगळ्यांना तीच सांग. बनियन, टॉवेल अशा पाकिटबंद मालावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात; त्यावर वेगळा जीएसटी लावायची हुशारी कुणी शिकवली तर ऐकू नको.

गल्ल्यामागची ती पाटी काढ, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. माझ्याकडेही होती. रेणापूरकडची एक बाई तिसऱ्या दिवशी ब्लाउजपीस कमी भरला म्हणून आली, मी मान वर न करता पाटीकडं बोट केलं. ती काही बोलली नाही. तिच्या भावकीतला एकही बस्ता पुढं माझ्या पायरीला लागला नाही. दीडशे रुपयांचं कापड होतं ते. तू बिलावरच लिही: आहेरातल्या उरलेल्या, घडी न मोडलेल्या साड्या लग्नानंतर पंधरा दिवसांत बदलून मिळतील.

२०१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा धंदा बसला होता. तरी दाराशी माठ भरून ठेवायचो. माठाशी टेकलेल्यांतली सगळी गिऱ्हाइकं झाली असं नाही. दोन-चार झाली, आणि एकानं माझा तांब्या नेला.

उधारीचं बोलणं समोरासमोर करू, सोयाबीनचा पैसा दसऱ्याशिवाय हलत नाही हे तुला ठाऊकच आहे. रविवारी येतो. तोवर जिन्याखालच्या जागेची लांबी-रुंदी मोजून ठेव. पाइप तिथूनच जाईल असं वाटतं.

तुझा,
काका