सांगलीत जुना आय३ कॉम्प्युटर आठ हजारांत सुधारायचा असेल तर काय बदलावं?

तुमच्याकडे आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क आहे. काम मुलीच्या अकरावीच्या अभ्यासाचं आणि दुकानाच्या हिशेबाचं, आणि दुकानदार ग्राफिक्स कार्ड टाका म्हणतोय. ते घेऊ नका. मशीन रखडतंय ते हार्डडिस्क आणि कमी रॅममुळे, कार्डाने त्यात काडीचाही फरक पडणार नाही.

प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही उद्याच्या नव्या मशीनमध्ये लागेल का? एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपवाली डिस्क), चांगला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा), यूपीएस लागतील. तुमच्या बोर्डाची जुन्या पद्धतीची डीडीआर३ रॅम आणि ११५५ सॉकेटचा (बोर्डावरच्या त्या खाचेत बसणारा) प्रोसेसर लागणार नाहीत, म्हणून ते घ्यायचे तर सेकंडहँडच.

पहिला खर्च ५०० जीबीच्या आसपासच्या एसएसडीवर. केबलने जोडायची २.५ इंची साटाच घ्या. एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी) स्वस्त दिसली तरी या बोर्डावर तिच्यासाठीची एम.२ खाच नाही, आणि ॲडॉप्टर लावला तरी बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सहसा त्यावरून बूट करत नाही, म्हणजे विंडोजसारखी सिस्टीम सुरू करत नाही. एच६१चे पोर्ट साटा-२ असल्याने वेग सेकंदाला २७०-२८० एमबीच्या आसपास अडेल. त्याने बिघडत नाही, कारण खरा फायदा बारीक-बारीक फायली झटपट सापडण्याचा असतो. साटा केबल बहुतेक वेळा एसएसडीसोबत येत नाही, वेगळी मागा. पॉवरसाठी मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून) साटा करणारी ओतीव प्लॅस्टिकची केबल टाळा, तिच्या आत तारा एकमेकींना चिकटून जळू शकतात.

बसवताना बायोसमध्ये आधी साटा डिस्कसाठीचा एएचसीआय मोड करा. मग जुन्या हार्डडिस्कची केबल काढा आणि त्यानंतरच सिस्टीम टाका. केबल तशीच राहिली तर बूटची फाईल अनेकदा जुन्या डिस्कवर जाऊन बसते, आणि पुढे ती डिस्क मेली की नवी एसएसडी असूनही मशीन उठत नाही. डेटाची नक्कल अर्थातच सगळ्यात आधी.

या बोर्डाला रॅमच्या दोनच खाचा आणि मर्यादा १६ जीबी. ८ जीबीची एक पट्टी वाढवली की तुमच्या कामाला पुरे. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून मिळणारी स्वस्त ८ जीबी पट्टी इंटेल बोर्डावर चालत नाही, स्क्रीन काळीच राहते. चांगली पट्टी असूनही स्क्रीन आली नाही तर तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून पुन्हा बसवा. पैसे उरले तर सेकंडहँड आय५-३४७० टाका, याच सॉकेटमध्ये बसतो आणि २ ऐवजी ४ कोअर मिळतात. प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच. कूलरच्या चार खुंट्या तिरक्या क्रमाने दाबा, एक जरी अर्धवट राहिली तरी प्रोसेसर तापतो.

आपल्याकडे सेकंडहँड घेताना एक जास्तीची तपासणी करायलाच हवी. २०१९ आणि २०२१च्या महापुरात भिजलेलं सामान कुठून कसं फिरून येईल सांगता येत नाही. बोर्ड उलटा करून पाहा, खाचांत वाळलेला गाळ किंवा डाखांवर (सोल्डरच्या ठिपक्यांवर) हिरवट-पांढरा गंज दिसला तर फुकटही घेऊ नका. असा बोर्ड दुकानात चालतो आणि पावसाळ्यात दगा देतो.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांतल्या ४५० वॅटवर जाऊ नका, त्याच लेबलवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. १६ अँपिअर असतील तर तिथून १९२ वॅटच मिळतात. तुमच्या मशीनला तेवढे चालतील, पण पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड लावायचं झालं तर नाही. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरासारखं वायरिंग असेल तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग, मग एसएसडी.

विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारा आधार (नेहमीचे सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. हिशेब टॅलीत नसून एक्सेलमध्ये असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम पेनड्राइव्हवरून न बसवता चालवून पाहा आणि दुकानाची खरी फाईल त्यातल्या लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेलच्या जागी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) उघडा. सूत्रं आणि छपाई नीट आली, तर तीच सिस्टीम एसएसडीवर टाका.