प्रतिनायक कुणाला म्हणावं?

परभणीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘कथेतला हरलेला, कर्तृत्वशून्य माणूस स्वतःच आपली गोष्ट सांगत असेल, तर त्याला प्रतिनायक म्हणायचं का?’

नाही. एकांकिका स्पर्धांनंतरच्या चर्चेत ‘अँटीहिरो’साठी, म्हणजे नायकाचे रूढ गुण नसलेल्या मुख्य पात्रासाठी, हा शब्द सर्रास वापरतात आणि दरवेळी माझं डोकं उठतं. प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात त्याची लक्षणं दिली आहेत: लोभी, धीरोद्धत (म्हणजे गर्विष्ठ, उद्दाम), ताठर, पापी, व्यसनी. त्या ग्रंथावरच्या भाष्यात धनिक उदाहरणं देतो ती रामाविरुद्ध रावण आणि युधिष्ठिराविरुद्ध दुर्योधन. आता सांगा, नोकरी गेलेला, घरात तोंड लपवून बसलेला माणूस यात कुठे बसतो? त्याचं तर कुणाशी वैरही नाही!

नायकाचे धीरोदात्तादी चार प्रकार पुस्तकात आहेतच, ते तिथे वाचावेत. खरी गंमत ‘नायक’ शब्दाच्या धातूत आहे. ‘नी’ म्हणजे नेणे. आपलं रोजचं ‘नेणं’ तिथूनच आलं. धनंजय तर नायकाला सरळ ‘नेता’च म्हणतो: ‘वस्तु नेता रसस्तेषां भेदकः’, म्हणजे कथावस्तू, नायक आणि रस यांवरून रूपकांचे, म्हणजे नाटकांचे, प्रकार वेगळे ओळखायचे. अभिनयही याच धातूचा; प्रयोगाचा अर्थ प्रेक्षकांसमोर नेऊन ठेवतो तो अभिनय.

संस्कृत कोशांत ‘नायक’ म्हणजे हारातला मधला मणी असाही अर्थ सापडतो. त्यावरून नायक म्हणजे कथेचा मध्यबिंदू असं शिकवणारे आहेत. मला ते साफ अमान्य आहे. मणी जागचा हलत नाही. नायक चालतो, आणि गोष्ट त्याच्यामागे चालते.

किनवट-हिंगोलीकडे बंजारा तांड्यावर जाऊन बघा. तांड्याचा प्रमुख आजही नायक, त्याच्या हाताखाली कारभारी. लदेणीच्या, म्हणजे बैलांवरून माल वाहण्याच्या, काळात धान्य-मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन तांडा निघायचा. वाट कोणती धरायची, पाणी-चारा बघून मुक्काम कुठे टाकायचा, हे नायकानं ठरवायचं. माझं ठाम मत आहे की नाट्यशास्त्रातल्या नायकाचा मूळ अर्थ तांड्यानं जितका जपला, तितका आपल्या समीक्षेनं जपला नाही. कथेचं फळ ज्याच्या मालकीचं तो अधिकारी, त्याचा वृत्तान्त आधिकारिक म्हणजे मुख्य, असं धनंजय सांगतो. पण फळापर्यंत आधी कुणी न्यायला नको का?

म्हणूनच धनिकाच्या यादीतला प्रतिनायक दुर्योधन भासाच्या ‘ऊरुभंग’ या नाटकात नायक होतो. मांड्या मोडून पडला आहे, हरला आहे, तरी नाटक त्याच्याबरोबर शेवटापर्यंत जातं.

तेव्हा तुमच्या कथेतला माणूस नायकच. फार तर ‘हतबल नायक’ म्हणा. तोच गोष्ट सांगतो म्हणून तो निवेदकही आहे, पण ती भूमिका वेगळी. निवेदक कोपऱ्यातला शेजारीसुद्धा असू शकतो.